उत्तरेकडे वाहणारी नदी

हॅलेट नदी, उत्तर कॅनडा
१६ एप्रिल २०२५

नीलमचे बाबा यांस,
सप्रेम जय भीम.

फोनवर बोलायला गेलं की आपलं भांडण होतं. शिवाय इथलं नेटवर्क मधेच जातं आणि तुम्हाला वाटतं मीच फोन आपटला. म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतेय. तुम्हीही तसंच करा. रागवायचं असेल तर लिहून रागवा, निदान वाक्य पूर्ण होईल.

इरावती आता आजीला सोडत नाही. दोन वर्षांची पोर, पण बूट स्वतःच घालायचे असतात, तेही उलटे. नीलम सकाळी दवाखान्यात जाते ती कधी परत येईल सांगता येत नाही. अख्ख्या गावाला दोन नर्सा. डॉक्टर विमानाने येतो, तोही हवा चांगली असेल तर.

घरासमोर नदी आहे. पहिला आठवडा मला कळलंच नाही. मला वाटलं मैदान आहे. लोक त्यावरून गाड्या चालवत होते. मग शेजारची अ‍ॅग्नेस म्हणाली, ही हॅलेट. घाटकोपर स्टेशनपासून आपल्या पंतनगरापर्यंत जेवढं अंतर तेवढं रुंद पात्र, सगळं गोठलेलं. हिवाळ्यात दक्षिणेकडून ट्रक याच बर्फावरून येतात. आता तो रस्ता बंद केलाय. यापुढे विमान सोडून बाहेर जायला वाट नाही. बाकी सगळीकडे दलदल आणि काडीसारखी बारीक झाडं. टेकडी म्हणून नाही. सपाट म्हणजे किती सपाट, तर नीलम म्हणते, नदीलाच कळत नाही कुठे जायचं, म्हणून ती अशी पसरलीय.

एक मागते. नीलमला दोन ओळी लिहा. सुशांतशी तिचं मोडलं तेव्हा तुम्ही म्हणालात, घरी येणार नसशील तर फोनही करू नकोस. तिने तो शब्द धरून ठेवलाय. तुमच्यासारखीच आहे.

तुमची
शकु


पंतनगर, घाटकोपर (पूर्व)
२० एप्रिल

शकुस,
जय भीम.

फोटो मिळाला. अर्धी अक्षरं लागली नाहीत म्हणून मुलुंडला धम्मपालकडे गेलो. माझा पुतण्या असून तो मला हसतो, म्हणतो काका, फोटो मोठा करता येतो.

जयंती जोरात झाली. रमाबाई नगरात सगळे विचारत होते, वहिनी कुठे. म्हटलं, बर्फ बघायला गेलीय.

नीलमला काय लिहू? मी काय चुकीचं बोललो? नवऱ्याशी पटलं नाही, ठीक आहे, मी एका शब्दाने विचारलं नाही. म्हटलं, घरी ये. खोली आहे, आम्ही दोघं आहोत, पोर सांभाळायला तू आहेस. नर्सला मुंबईत काम मिळत नाही का? तर ही तान्ह्या पोरीला घेऊन जगाच्या टोकाला गेली. बापाच्या घरापेक्षा तिला ते बरं वाटलं. यावर मी काय लिहायचं?

धम्मपालने कॉम्प्युटरवर तुझी नदी दाखवली. नद्या वरून खाली येतात, ही खालून वर जाते. आधी वाटलं त्याने नकाशा उलटा लावलाय. तुमच्या गावाच्या पुढे नदी वळते, तिथे बेटं आहेत, मग समुद्र. छान आहे. बघून झालं असेल तर दहा मेचं तुझं तिकीट आहे, त्या तारखेला विमानात बस.

गोळ्या वेळेवर घे.

कुंडलिक


हॅलेट नदी
२८ एप्रिल

नीलमचे बाबा यांस,
जय भीम.

नकाशा सरळच होता. सगळी भानगड त्यातच आहे.

मला हे अ‍ॅग्नेसने समजावलं. नदी दक्षिणेत उगम पावते आणि उत्तरेला समुद्रात जाते. दक्षिणेत ऊन आधी येतं. तिथला बर्फ आधी फुटतो आणि पाण्याबरोबर आमच्याकडे निघतो. पण आमच्या पुढे, खाली मुखाशी, अजून कडक हिवाळा. तिथला बर्फ माणसाच्या छातीएवढा जाड, तो हलत नाही. मग मागून आलेलं पाणी आणि बर्फ जाणार कुठे? तुम्ही पाहिलीत ना ती बेटं, तिथे तो अडकतो. एकावर एक लाद्या चढतात, बांध तयार होतो आणि पाणी मागे फिरतं. मागे म्हणजे आमच्यावर.

दरवर्षी थोडं होतंच म्हणे. बर्फ जागच्या जागी झिजला तर काही नाही होत. पण यंदा दक्षिणेत अचानक गरम झालंय. तीन-चार दिवसांपासून नदीतून आवाज येतो, आपल्याकडे इमारतीच्या पाइलिंगला खांब ठोकताना यायचा तसा. इरा दचकते. काठाशी पाणी दिसायला लागलंय, काळसर, कोऱ्या चहासारखं. मधला बर्फ उचलल्यासारखा वाटतो.

काल शाळेत सभा झाली. गरज पडली तर विमानांनी गाव रिकामं करतील. आधी म्हातारी माणसं, लहान मुलं, पोटुश्या बाया. दवाखान्याची माणसं शेवटी. नीलमला म्हटलं, तुझी तर मुलगी लहान आहे, तू आमच्याबरोबर चल. ती म्हणाली, "आई, जोसेफना झोपवून न्यायला वेगळं विमान लागतं. ते येईपर्यंत कोण थांबणार?"

जोसेफ म्हणजे अ‍ॅग्नेसचा नवरा. ऑक्सिजनवर असतो. दुसरी नर्स सुट्टीवर गेलेली, ती हवेमुळे अडकलीय.

काळजी करू नका. अजून काही झालेलं नाही.

शकु


घाटकोपर
३० एप्रिल

शकु,

काळजी करू नका म्हणून लिहितेस आणि वर हे सगळं लिहितेस.

सव्वीस जुलैला कुर्ल्यात मी गळ्यापर्यंत पाण्यात होतो. पाणी चढताना वेळ देत नाही, हे तुला मी सांगायला पाहिजे का? सरकार सांगेल तेव्हा निघायची वाट बघू नकोस. मिळेल त्या पहिल्या विमानाने तिघी बाहेर पडा. नीलमला म्हणावं, राजीनामा फेक तोंडावर. दुसऱ्याच्या म्हाताऱ्यासाठी थांबणार म्हणे. स्वतःच्या आईचं आणि पोरीचं काय?

आणि ती ऐकत नसेल तर तू तिच्या नादी लागू नकोस. इराला उचल आणि निघ. ती तिचं बघून घेईल. नाहीतरी तिला आपली गरज कधी होती?

पोचलीस की कळव. मी फोन हातातच ठेवतोय.

कुंडलिक


दक्षिणेत, एका शहरात
४ मे

नीलमचे बाबा यांस,

मी आणि इरा सुखरूप आहोत. हे आधी लिहिते.

आइस हॉकीच्या मैदानावर ओळीने खाटा टाकल्यात, त्यातल्या दोन आमच्या. एक अ‍ॅग्नेसची. हा कागद इथल्याच एका मुलीच्या चित्रकलेच्या वहीतला आहे.

परवा पहाटे भोंगा झाला. बाहेर पाहिलं तर नदी चालत होती. पाणी नाही दिसलं मला, नुसता बर्फ. खोल्यांएवढाल्या लाद्या, त्यांच्यात अख्खी झाडं मुळासकट, सगळं सावकाश सरकत होतं. मग ते थांबलं. आवाजही थांबला. अ‍ॅग्नेस नदी वाहत असताना गप्प बसली होती, ती थांबल्यावर उठली आणि म्हणाली, "आता चला." बेटांपाशी अडकलं होतं.

धावपट्टी गावापेक्षा थोडी उंच आहे, पण आम्ही चढलो तेव्हा तिच्या एका टोकाला पाणी आलं होतं. छोटं विमान. नीलम इराला घेऊन पायरीपर्यंत आली. इरा तिची गळपट्टी सोडेना. शेवटी नीलमने गळपट्टी काढून तिलाच देऊन टाकली. मी म्हटलं, "तू पण चढ, मी तुझ्या पाया पडते." तिथला माणूस ओरडत होता, लवकर, लवकर. नीलम म्हणाली, "आई, संध्याकाळी स्ट्रेचरचं विमान येतंय. त्यात मी आणि जोसेफ. उद्या सकाळी तुझ्यासोबत चहा घेते."

ते विमान आलं नाही. संध्याकाळपर्यंत धावपट्टी पाण्याखाली गेली. मग धुकं उतरलं, म्हणून हेलिकॉप्टरही नाही. मागे सहाजण राहिलेत. ते सगळे शाळेत असतील असं सांगतात. असतील. नक्की कोणी सांगत नाही. काल दुपारपासून तिचा फोन लागत नाही.

आणखी एक. तुमचं तीस तारखेचं पत्र तिने वाचलं. माझा फोन चार्जिंगला तिच्याजवळ होता. मी लपवायला गेले तर म्हणाली, "राहू दे, वाचून झालं."

शकु


मुलुंड
५ मे

शकु,

मी कालपासून धम्मपालकडे आहे. घरी बसवत नव्हतं.

तो एअरपोर्टला कार्गोमध्ये आहे, इंग्रजीत बोलायची त्याला सवय आहे. बातमीत एक नंबर दिला होता, तो त्याने लावला. बराच वेळ नुसतं संगीत वाजलं. मग एक बाई आली. धम्मपालने नीलमचं नाव सांगितलं, जन्मतारीख मी सांगितली. बाई म्हणाली, तुम्ही कोण? म्हटलं, फादर. हे मी स्वतः बोललो. ती थांबली, काहीतरी बघत असावी. मग म्हणाली, सॉरी सर, यांनी जी नावं दिलीत त्यात वडील नाहीत. मी माहिती देऊ शकत नाही.

धम्मपालने खूप सांगून पाहिलं. बाई वाईट नव्हती, तिचा आवाज पण रडवेला झाला होता. पण नाही म्हणाली. फोन ठेवल्यावर धम्मपाल म्हणाला, काका, तिकडे नियमच तसे असतात. मी म्हटलं, हो.

मग त्याने कॉम्प्युटरवर उपग्रहाचा फोटो उघडला. गावाच्या जागी पांढरं. मी विचारलं, हे धुकं की बर्फ? त्याला कळेना. मलाही कळेना. आम्ही दोघं ते पांढरं मोठं करून करून बघत बसलो. त्यात घर दिसत नाही, शाळा दिसत नाही. आपली पोरगी त्या पांढऱ्याखाली कुठेतरी आहे.

तुझं नाव तिने दिलं असेल. तू जा आणि विचार. दर तासाला विचार. लाज धरू नकोस. इंग्रजी येत नसेल तर नुसतं तिचं नाव घेत उभी राहा.

धम्मपालची बायको जेवायला वाढते, मी नाही म्हणत नाही, पण घास जात नाही.

कुंडलिक


दक्षिणेतून
६ मे

काही नाही. धुकं तसंच. तुम्ही म्हणालात तशी मी टेबलापाशी उभी राहते. आता ती माणसं मला बघूनच मान हलवतात.

काल रात्री बांध आणखी वाढला म्हणे. आमच्या रस्त्यावरची घरं बर्फाने ढकलून नेली. कोणाची, ते सांगत नाहीत. शाळा उभी आहे, हे विमानातून कोणीतरी दोन क्षण पाहिलं. माणसं दिसली नाहीत.

इरा गळपट्टी तोंडात घेऊन झोपते. आज तिने दाराकडे बोट दाखवून विचारलं, "मम्मा?" अ‍ॅग्नेसने तिला उचललं आणि तिच्या भाषेत काहीतरी सांगत राहिली. तिचा स्वतःचा माणूस तिथे आहे. तरी ती माझ्या पोरीच्या पोरीला खेळवते.

मी मनातल्या मनात सारखी वंदना म्हणते, पण मधेच विसरते आणि पहिल्यापासून सुरू करते.

तुम्ही काहीतरी लिहा. काहीही लिहा.

शकु


दक्षिणेतून
९ मे

बाबा,

जय भीम. मी नीलम.

आईने तुम्हाला मेसेज केलाच आहे की मी पोचले. पण बाकीचं मीच लिहावं असं ती म्हणते. तिला तसंही रडण्यापुढे काही लिहिता येत नाहीये.

विमान येणार नाही असं कळलं तेव्हा आम्ही जोसेफना शाळेत वरच्या मजल्यावर नेलं. गावात दोन मजली तेवढी एकच इमारत. चार माणसांनी गादीसकट उचललं, मी सिलिंडर धरला होता. खाली पाणी गुडघ्याला लागत होतं आणि त्यात बर्फाचे तुकडे, ते नडग्यांवर आपटत होते. वर पोचलो आणि मागे वळून पाहिलं तर जिन्याच्या चार पायऱ्या पाण्यात गेलेल्या.

पहिल्या रात्री दवाखाना गेला. मी तो जाताना पाहिला नाही, ऐकला. लाकूड आधी कुरकुरतं आणि मग एकदम सोडून देतं. मग आपलं घर. इराची खेळणी, तुम्ही तिच्या बारशाला पाठवलेलं झबलं, सगळं त्यात. शाळेच्या भिंतीला लाद्या येऊन टेकायच्या तेव्हा अख्खी खोली हलायची. आम्ही कोणी एकमेकांकडे बघत नव्हतो.

सिलिंडर संपत आले होते. मी ऑक्सिजन कमी कमी करत गेले. जोसेफना कळत होतं मी काय करतेय. ते म्हणाले, माझ्या दोन नावा या नदीने नेल्या, एक कुत्रा नेला, आता घर पण नेलं, हिला सांग आता बस झालं. आणि हसले. हसल्यावर त्यांना दम लागला. पाचव्या दिवशी पहाटे ते गेले. मी त्यांचा हात धरला होता. धुकं दुपारी फाटलं आणि हेलिकॉप्टर आलं. दुपारी. पहाटे आलं असतं तर, हे मी रोज स्वतःशी म्हणतेय. अ‍ॅग्नेसना मीच सांगितलं. त्यांनी मला जवळ घेतलं आणि विचारलं, तू काही खाल्लंस का?

आता तुमच्या पत्राचं. "ती तिचं बघून घेईल." खोटं कशाला बोलू, त्या शाळेत मला ते वाक्य सारखं आठवत होतं. मला झोप येत होती, थंडीत ती तशी येते आणि ती बरी नसते. मग ते वाक्य आठवायचं आणि मला इतका राग यायचा की डोळे उघडायचे. चार रात्री मी तुमच्याशी भांडत जागी राहिले. मोठ्याने. बाकीच्यांना वाटलं मी प्रार्थना करतेय. म्हणून तुम्हाला काय म्हणावं ते मला कळत नाही.

मी घाटकोपरला परत येणार नाही बाबा. तुम्ही विचाराल, म्हणून आधीच सांगते. पाणी उतरलं की लोक परत जाणार आहेत. जोसेफना तिथेच, नदीच्या काठावर ठेवायचंय. तंबूत दवाखाना उघडतील, त्यात मी असेन. लोक मला विचारतात, पुन्हा तिथेच का. तिथे कोणी मला अर्धवट संसाराची बाई म्हणून बघत नाही. आणि मला माझं काम येतं, हे तिथे मला रोज कळतं.

आई म्हणते ती उद्याच्या विमानात बसणार नाही. मी तिला थांबवलेलं नाही. तिने स्वतःच ठरवलंय.

नीलम


घाटकोपर
१२ मे, बुद्धपौर्णिमा

नीलम,
जय भीम.

तुझं पत्र धम्मपालला दाखवलं नाही. एकट्याने वाचलं. फोटो मोठा करता येतो आता मला.

तू सापडल्याचा तुझ्या आईचा मेसेज आला तेव्हा आम्ही मुलुंडला त्याच्या गॅलरीत होतो. मी धम्मपालला म्हटलं, पुन्हा वाच. त्याने पुन्हा वाचलं. मग मी त्याच्या बायकोकडे भाकरी मागितली आणि जेवलो. मग खाली उतरून रस्त्यावर बराच वेळ नुसता चालत राहिलो. एका रिक्षावाल्याने विचारलं, आजोबा, कुठे जायचंय? म्हटलं, कुठे नाही.

ते वाक्य मी लिहिलं. रागात लिहिलं, घाबरून लिहिलं, काहीही म्हण, लिहिलं मी. तू त्यावर भांडलीस ते बरं केलंस. माझ्याशी समोर भांडली असतीस तरी मी ऐकलं नसतं.

त्या जोसेफचं वाचून वाईट वाटलं. त्यांच्या बायकोला माझा जय भीम सांग. तिला अर्थ समजावून सांग.

आज विहारात गेलो होतो. सगळ्यांना खीर वाटली. लोक विचारत होते, मुलगी आता परत येणार ना? मी आधी सवयीने हो म्हणालो. मग दुसऱ्याने विचारलं तेव्हा म्हटलं, नाही, तिचं काम तिथे आहे. मला सांगताना बरं वाटलं, हे मला नवीन होतं.

हे पत्र आज चौथ्यांदा लिहितोय. पहिल्या तिन्हीत "घरी ये" असं लिहिलं होतं. फाडली.

तुझी आई तिथे थांबतेय. इरा तिथे आहे. इथे घरात मी आणि पंखा. धम्मपालला विचारलं, व्हिसाला काय काय लागतं. तो म्हणाला, आधी ज्यांच्याकडे जायचं त्यांनी बोलवावं लागतं. मी तंबूत झोपेन. पाणी भरेन, लाकडं उचलेन, इराला सांभाळेन. थंडी मला सोसत नाही, पण जुलैत तिकडे ऊन असतं असं त्याने दाखवलं.

तुला न विचारता यायचं नाही, एवढं ठरवलंय. म्हणून विचारतो.

मी आलो तर चालेल का?

नाही म्हणालीस तरी चालेल. पण उत्तर दे.

बाबा